आभाळातली उडी आणि छातीवरचे नाव

घरातील मुलांच्या मोबाइलवर एक चित्रफीत आपण कधी ना कधी पाहिली असेल. पांढरा जाड पोशाख घातलेला एक माणूस लहानशा दारात उभा आहे. खाली निळी गोल पृथ्वी, वर भर दिवसा काळे आभाळ. तो सलाम करतो आणि पाऊल पुढे टाकतो. ऑस्ट्रियाचे फेलिक्स बाउमगार्टनर यांची ही उडी. १७ जुलै २०२५ रोजी इटलीत पॅराग्लायडिंग करताना अपघात होऊन ते गेले, तेव्हापासून ही चित्रफीत पुन्हा घराघरांत फिरू लागली.

ती पाहून मुले तीन प्रश्न विचारतात. किती उंचावरून? मेला कसा नाही? आणि थोडे जाणते मूल असेल तर, एवढा पैसा कुणी दिला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विज्ञानाच्या पुस्तकात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपल्या घरापर्यंत येऊन पोचते. म्हणून या महिन्यात त्यावर लिहायचे आम्ही ठरवले.

आधी उंची पाहू. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतील रॉसवेल गावाजवळून हेलियम वायूने भरलेल्या प्रचंड फुग्याखाली टांगलेल्या कोठडीत बसून बाउमगार्टनर वर गेले आणि ३८,९६९ मीटरवरून त्यांनी उडी घेतली, म्हणजे जवळजवळ ३९ किलोमीटर. नातेपुत्याहून निघून माळशिरसमार्गे अकलूज गाठावे, साधारण तेवढे हे अंतर. ती सगळी वाट उभी केली तर तिच्या टोकावर हा माणूस उभा होता. पडताना त्यांचा वेग ताशी १,३५७ किलोमीटरपर्यंत गेला, म्हणजे आवाजापेक्षाही जास्त. विमानाशिवाय, नुसत्या देहाने आवाजाचा वेग ओलांडणारे ते पहिले. छत्री उघडण्याआधी ते ४ मिनिटे १९ सेकंद नुसते पडत होते.

एवढा वेग आला तो वर हवाच नसल्यासारखी असल्यामुळे. तिथला हवेचा दाब आपल्या अंगणातल्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. अडवायला हवा नाही, म्हणून वेग वाढत जातो. पण जी हवा अडवत नाही, ती जगवतही नाही. सुमारे १९ किलोमीटरच्या वर दाब इतका उतरतो की शरीराच्या उष्णतेलाच पाण्याची वाफ होऊ लागते. तिथे माणसाला जिवंत ठेवतो तो अंगावरचा हवाबंद पोशाख. त्याला एक भोक पडले तर उपाय नाही.

ही भीती नुसती बोलण्यातली नव्हे. १६ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंजर यांनी सुमारे ३१ किलोमीटरवरून उडी घेतली. वर जातानाच त्यांच्या उजव्या हातमोज्यातला दाब गेला आणि हात सुजून दुपटीएवढा झाला. खाली कळवले तर मोहीम थांबवतील, म्हणून त्यांनी बराच वेळ सांगितलेच नाही. नशिबाने खाली आल्यावर हात बरा झाला. १ नोव्हेंबर १९६२ रोजी सोव्हिएत रशियाचे प्योत्र दोल्गोव्ह बाहेर पडताना त्यांच्या शिरस्त्राणाची काच कोठडीला आपटून तडकली, आणि खाली आला तो त्यांचा देह. त्याच दिवशी त्यांचे सोबती येवगेनी आंद्रेयेव्ह २४ किलोमीटरहून अधिक उंचीवरून सुखरूप उतरले. एकाच फुग्यातून दोघे गेले होते.

आता पैशाकडे येऊ. किटिंजर यांचा खर्च सरकारने केला, कारण त्यात सरकारचे काम होते. विमाने उंच उडू लागली होती आणि वैमानिकाला तिथून बाहेर पडावे लागले तर त्याला जिवंत खाली कसे आणायचे, हे हवाई दलाला शोधायचे होते. विक्रम झाला तो त्या कामाच्या ओघात.

निक पियांतानिदा यांची गोष्ट वेगळी. हे अमेरिकेतील न्यू जर्सीचे ट्रकचालक. सरकारी पाठबळ नव्हते, म्हणून त्यांनी दारोदार फिरून कंपन्यांकडून पैसा आणि सामान जमवले. फेब्रुवारी १९६६ मध्ये ते ३७ किलोमीटरच्याही वर पोचले, पण प्राणवायूची नळी सुटेना, म्हणून उडी न मारताच कोठडीसह खाली यावे लागले. तीन महिन्यांनी, १ मे रोजी, ते पुन्हा गेले. वर जाताना सुमारे १७ किलोमीटरवर पोशाखातला दाब गेला. तातडीने खाली आणले, पण मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. ते शुद्धीवर आले नाहीत आणि चार महिन्यांनी गेले. घरी पत्नी आणि तीन लहान मुली होत्या. विक्रमांच्या यादीत या बाईंचे आणि मुलींचे नाव कुठे नाही. आम्हाला मात्र ही सगळी हकीकत वाचताना त्याच घराची आठवण जास्त राहिली.

बाउमगार्टनर यांचा खर्च एका एनर्जी ड्रिंक कंपनीने केला. तिचे नाव फुग्याखालच्या कोठडीवर होते, पोशाखावर होते, शिरस्त्राणावर होते, मोहिमेच्या नावातही होते. उडी थेट दाखवली गेली तेव्हा यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाख लोक पाहत होते. कंपनीला हवे होते ते मिळाले. तीस सेकंदांची जाहिरात लागली की लोक चॅनल बदलतात. इथे लोक काही तास डोळे लावून बसले आणि दर क्षणी ते नाव पाहत राहिले.

पण एकाच बाजूने बोलणे न्यायाचे होणार नाही. या कंपनीने घाई केली नाही. मार्च २०१२ मध्ये २१ किलोमीटरवरून, जुलैमध्ये २९ किलोमीटरवरून उडी घेऊन पाहिली आणि मगच ऑक्टोबरची मोठी उडी झाली. हवाबंद पोशाखात बाउमगार्टनर यांचा जीव गुदमरायचा, त्यासाठी मानसतज्ज्ञ नेमला. ८४ वर्षांचे किटिंजर स्वतः जमिनीवरून त्यांच्याशी बोलत होते. वैद्यकीय पथकाचे प्रमुख होते डॉ. जोनाथन क्लार्क. २००३ साली कोलंबिया यान कोसळले त्यात आपली कल्पना चावला गेली, त्याच यानात डॉ. क्लार्क यांच्या पत्नी लॉरेल क्लार्कही होत्या. असा माणूस उंचीवरून जिवंत परत कसे यायचे याचा अभ्यास करत असेल, तर त्यामागची नियत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पैसा जाहिरातीचा होता, तरी त्यातून ज्ञानही आले.

दोन वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०१४ रोजी, हा विक्रम मोडला. फार थोड्या लोकांना ते माहीत आहे. ॲलन युस्टेस हे गूगलमधील मोठे अधिकारी, वय ५७. ते ४१,४१९ मीटरवरून आले. कोठडी नाही, काही नाही. नुसता पोशाख घालून फुग्याला टांगून घेतले आणि दोन तासांत वर गेले. गूगल मदत द्यायला तयार होते, पण आपली उडी जाहिरातीचा कार्यक्रम होईल म्हणून त्यांनी कंपनीचा पैसा नाकारला. थेट प्रक्षेपण नाही, गाजावाजा नाही. उडी झाल्यावर जगाला कळले. आजही आमच्या गावच्या चौकात विचारले तर मुले बाउमगार्टनर यांचे नाव घेतील, युस्टेस यांचे नाही. जास्त उंच कोण गेला आणि जास्त लक्षात कोण राहिला, यातले अंतर जाहिरातीच्या पैशाने पडले. मात्र हेही खरे की युस्टेस यांच्याकडे स्वतःचा पैसा होता. ज्याच्याकडे नाही त्याने काय करावे?

आपल्या महाराष्ट्रात पाहू. २६ नोव्हेंबर २००५ रोजी कापड उद्योगातले विजयपत सिंघानिया वयाच्या ६७ व्या वर्षी मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून वर गेले आणि २१ हजार मीटर उंचीचा जागतिक विक्रम करून उतरले. ते उद्योगपती होते, त्यांना कुणाच्या दारात जावे लागले नाही. (उतारवयात आभाळाची ओढ लागलेले ते पहिले नव्हेत. नवव्या शतकात कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास यांनी पंख बांधून उडण्याचा प्रयत्न केला आणि उतरताना ते जखमी झाले, कारण शेपटीचा विचार करायचा राहिला होता, असे इतिहासकार अल-मक्करी यांनी नोंदवले आहे.)

पुण्याच्या शीतल महाजन यांच्या मागे असा कारखाना नव्हता. १८ एप्रिल २००४ रोजी या मुलीने उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी मारली. हवा शून्याखाली ३७ अंश, आणि तिच्या आयुष्यातली ती पहिलीच उडी. १५ डिसेंबर २००६ रोजी दक्षिण ध्रुवावर, ११,६०० फुटांवरून. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये १३,००० फुटांवरून, तीही नऊवारी नेसून. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी एव्हरेस्टसमोर, २१,५०० फुटांवरून. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नऊवारीतल्या उडीचे फोटो आमच्या घरातील बायकांनी एकमेकींना दाखवले होते. कपडे आपले, पद्धत आपली आणि आभाळ सगळ्यांचे, हे त्यांना न सांगता कळले.

क्रिकेटच्या मागे कंपन्या धावतात. छत्रीने उडी मारणाऱ्या, थाळी फेकणाऱ्या, तीन किलोमीटर पळणाऱ्या मुला-मुलींना मात्र कंपन्यांच्या मागे धावावे लागते. ज्या खेळाला कॅमेरा नाही त्याला पैसा नाही. आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जायला निघाले तेव्हा प्रवासाचे पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक. ज्यांनी घर गहाण ठेवले त्यांनी खाशाबांच्या छातीवर स्वतःचे नाव लिहा असे म्हटले नाही.

आता आमच्या माळशिरसची एक लहान गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, कारण घर आमच्याच मोहल्ल्यातले आहे. काही वर्षांपूर्वी इथल्या एका शाळेच्या मुलींची तुकडी जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धेसाठी सोलापूरला जाणार होती. त्यात आमच्या ओळखीच्या घरातील एक मुलगी, १,५०० मीटर पळणारी. वडिलांचे पंपाच्या मोटारी भरण्याचे दुकान. मुलीच्या बुटाचा तळ फाटलेला, आत पुठ्ठा घालून ती सराव करायची. अशात एक गृहस्थ आले. सगळ्या मुलींना बूट आणि टी-शर्ट देतो म्हणाले. अट एकच, शर्टावर मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या एका ॲपचे नाव राहील आणि मुलींचा एक फोटो काढला जाईल.

घरात दोन तट पडले. मुलीचे चाचा म्हणाले, “भाभी, पोरगी पळणार आहे, शर्ट थोडाच पैसे लावणार आहे? बूट तर खरे आहेत ना?”

मुलीची आई म्हणाली, “बूट पाहिजेत हो भय्या. मीच रोज पुठ्ठा कापून देते, मला काय माहीत नाही? पण त्या नावाने आपल्या मोहल्ल्यातली दोन घरे बसली. त्यातल्या एका घरची पोरगी याच तुकडीत आहे. तिने ते नाव छातीवर घालून पळायचे?”

वडील रात्रभर काही बोलले नाहीत. सकाळी ते शाळेत सरांकडे गेले. सरांचीही चुळबुळ चाललीच होती. मग एक कागद केला. बाजारातल्या पाइपच्या दुकानदारांनी दिले, जमातीतल्या तिघा-चौघांनी दिले, मळ्यातल्या दोन शेतकऱ्यांनी ऊस गेल्यावर देतो म्हणून आकडा लिहिला आणि खरोखर दिला. सगळ्यांना बूट आले नाहीत, ज्यांचे फाटले होते त्यांना आले. शर्ट जुनेच धुऊन घेतले, त्यांवर फक्त शाळेचे नाव होते. आमच्या ओळखीची मुलगी चौथी आली. पुढे निवड झाली नाही. कागद मात्र वर्षभर शाळेच्या फळ्यावर लावलेला होता, कुणी किती दिले आणि कशावर खर्च झाले ते पैसा-पैसा लिहून.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचे तसलेच एक मोठे नाव त्याच महिन्यात उतरले. कायदा आला तेव्हा सगळे शहाणे झाले. त्या आईने कायद्याची वाट पाहिली नव्हती.

मोठ्या खेळाडूंनीही हे करून दाखवले आहे. दक्षिण आफ्रिकेचे हाशिम आमला यांच्या संघाचा प्रायोजक दारूची कंपनी होती. त्यांनी ते चिन्ह आपल्या शर्टावर लावले नाही, मंडळाने ते मान्य केले, आणि त्यांच्या धावा काही कमी झाल्या नाहीत. न्यूझीलंडचे रग्बीपटू सनी बिल विल्यम्स यांनी २०१७ साली बँकेचे नाव कॉलरवर झाकून सामना खेळला. दोघांनीही भांडण न करता आपले म्हणणे सांगितले आणि आपला खेळ चालू ठेवला.

एक गोष्ट घरातल्या फ्रीजपर्यंत येते. त्या उडीची चित्रफीत पाहणाऱ्या मुलाला वाटते, हे पेय प्यालो की अंगात तेच बळ येईल. बस स्टँडवरच्या टपरीत अशा बाटल्या आता दहा-वीस रुपयांना मिळतात आणि उन्हाळ्यात मुले त्या सरबतासारख्या पितात. त्यांत मुख्य असते ते कॅफिन आणि साखर. आपल्या देशाच्या नियमाने अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते. काही पेयांच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात २५ ग्रॅमहून जास्त साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यासाठी हे योग्य नाही, अशी सूचना डब्यावर छापावी लागते. ती बारीक अक्षरात, इंग्रजीत असते. घरातल्या शिकलेल्या मुलीकडून ती एकदा सगळ्यांसमोर वाचून घ्यावी. रोजा सोडताना तहानेच्या भरात असली बाटली उघडणाऱ्या मुलांना तर आवर्जून सांगावे की पाणी, ताक, लिंबू-सरबत यांनी जे भागते ते याने भागत नाही. आणि बाउमगार्टनर यांना आभाळातून सुखरूप आणले ते डब्याने आणले नाही. पाच वर्षांची तयारी, अनेक तंत्रज्ञ आणि एक हवाबंद पोशाख यांनी आणले. तवक्कुल म्हणजे तयारी सोडणे नव्हे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

मग प्रायोजक नकोच का? आम्ही तसे म्हणत नाही. साखर कारखाना, दूध संघ, बँक, दुकान, कुणीही हलाल कमाईतून मुलांच्या खेळाला हात देत असेल तर तो आदराने घ्यावा आणि त्याचे आभारही मानावेत. आपल्याकडच्या कुस्तीच्या फडात इनाम देणाऱ्याचे नाव मोठ्याने पुकारतात, त्यात काही वावगे नाही. फक्त घेण्याआधी घरच्यांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली, हा पैसा कशाच्या विक्रीतून आला, आणि ती वस्तू आपल्या मुलाच्या हातात दिलेली आपल्याला चालेल का? दुसरी, बदल्यात काय मागतात? नुसते नाव, की मुलीचा फोटो, तिचा आवाज, तिचा मोबाइल क्रमांक? फोटो कुठे आणि किती दिवस वापरणार हे कागदावर असावे. तिसरी, दुखापत झाली तर दवाखान्याचे बिल कोण भरणार? जिंकल्यावर सगळे फोटोत येतात, पाय मोडल्यावर कोण येते ते आधी ठरलेले बरे. पियांतानिदा यांच्या घरासमोर हाच प्रश्न उभा राहिला असेल. चौथी, मूल हरले तर मदत चालू राहणार का? जो फक्त जिंकण्यावर पैसे लावतो, त्याची मदत म्हणजे सौदा असतो.

आणि एक काम आपल्याकडेही आहे. कंपन्यांना नावे ठेवणे सोपे. पण आपल्या वस्तीतल्या मुलीच्या बुटात पुठ्ठा आहे हे आपल्याला माहीत नसेल, तर तिच्या दारात कुणीतरी नाव घेऊन येणारच. लग्नाच्या मंडपावर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपण जो खर्च करतो त्यातला थोडा बाजूला काढला तर एका तालुक्याच्या तुकडीचे बूट होतात. फजूलखर्ची टाळायची म्हणजे पैसा नुसता पेटीत ठेवायचा, असे नव्हे.

आमच्या ओळखीची ती मुलगी आता अकलूजला कॉलेजात जाते. सकाळी कालव्याच्या कडेने पळताना दिसते. बूट तेच आहेत का, हे आम्ही विचारले नाही, पण यंदा विचारणार आहोत. आपल्या गावात अशी मुले-मुली असतील आणि गावाने मिळून त्यांना उभे केले असेल, तर आम्हाला जरूर कळवा. कागदावर हिशेब कसा ठेवला तेही लिहा. दुसऱ्या गावांना त्याचा उपयोग होईल.